वय वर्षे तीनशे, शिक्षण बारावी चालू

रुपाली माझी विद्यार्थिनी. मलकापूरच्या कॉलेजात मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली तीन वर्षं ती दुसऱ्या बाकावर होती. हुशार होती असं मी म्हणणार नाही; चौकस होती. आता सत्तावीस वर्षांची आहे आणि मोताळ्यात माझ्या घरापासून चार दुकानं सोडून तिचं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश. हात इतका साफ की बुलढाण्याहून बायका कापड घेऊन येतात. जीभही तशीच धारदार. एखादीने "मागच्याच मापावर शीव" म्हटलं की ही म्हणते, "काकू, माप मागचंच आहे, पन तुम्ही मागच्या नाई राह्यल्या."

ही मुलगी गेल्या दिवाळीनंतर साडेचारशे पानांचा गठ्ठा घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"मॅडम, मी मोबाइलवर कथा लिहिते. तीन वर्षांत एकशे अकरा भाग झाले. आता पुस्तक काढाव म्हणते. शुद्धलेखन पाहता का जरा?"

हुका लावताना, तुरपाई करताना ती फोन समोर ठेवून त्याच्याशी बोलत बसते हे मी पाहिलं होतं. कुणाशी बोलते असा संशयही घेतला होता. ती कथा सांगत होती आणि फोन लिहून घेत होता. एकदा शेजारच्या गोजरबाई ब्लाउज न्यायला आल्या आणि "त्याची नजर तिच्या गळ्यावर खिळली" एवढंच त्यांच्या कानावर पडलं. "काय व रुपाली," त्या घाबरून म्हणाल्या, "माह्या ब्लाउजचा गळा लय मोठा कापला का काय?"

कथेचं नाव 'तीनशे वर्षांची तहान'. नायक रुद्रांश, रक्त पिणारा. व्हॅम्पायर म्हणतात त्याला. अशा कथांचं पीक सध्या जोरात आहे, आणि वाचणाऱ्या बहुतेक पोरी चौदा ते वीस वर्षांच्या. मी लाल पेन घेऊन बसले. दहा पानांनंतर शुद्धलेखन सोडून दिलं आणि स्थळाची चौकशी करतात तशी नायकाची चौकशी सुरू केली. गल्लीत कुणाचं लग्न ठरायचं असलं की मला विचारायला येतात, कारण मी कुणाचंच चांगलं पटकन सांगत नाही. गठ्ठ्याच्या मागच्या कोऱ्या पानावर मी बायोडेटा लिहून काढला. वय: तीनशे. शिक्षण: बारावी, अजून चालूच. शेती: नाही. नोकरी: नाही, तरी गाडी नवीन. आहार: विचारू नये. आईवडील: धुक्यात. दुसऱ्या दिवशी तो रुपालीच्या हातात दिला. ती पोट धरून हसली.

"हसतेस काय? तीनशे वर्षांत बारावी होईना, अशाला मी घरात घेतलं नसतं. आणि हे धुकं कुठलं? प्रत्येक भागात धुकं. उन्हाने जळतो हा; मे महिन्यात आपल्या स्टँडवर उतरला तर चहा येईपर्यंत विषय संपेल."

"मॅडम, आपल्या उन्हात प्रेम होत नाई."

"भाषेचं बोल. त्याचे डोळे एकशे अकरा भागांत दोनशे सहा वेळा सोनेरी झालेत. मी मोजलेत. तो दर पानाला थंड आहे आणि संगमरवरी आहे. तुझी नायिका ओवी अठरा वेळा अडखळून पडते आणि दर वेळी तोच झेलतो. चांगल्या घरची धडधाकट पोरगी, तिला नीट चालता का येत नाही?"

"पडल्याशिवाय तो झेलन कसा?"

इथवर गंमत होती. पुढचं मी तिला समोर बसवून वाचून दाखवलं. रुद्रांश ओवीच्या खिडकीतून आत येतो आणि ती झोपलेली असताना रोज तिच्याकडे बघत बसतो. तिचा दंड धरून ओढतो, एक्केचाळीस वेळा. तिने कुणाशी बोलायचं ते तो ठरवतो. "माझ्यापासून लांब राहा, मी तुला मारून टाकीन," असं म्हणतो आणि ती आणखी जवळ जाते. तो तिला मारत नाही, तर तोच त्याचा मोठेपणा! तिला मैत्रीण नाही, काम नाही, एकशे अकरा भागांत ती एकदा पोटभर जेवलेली नाही. शेवटी कॉलेज सोडायचं, घर सोडायचं, मरायचं आणि त्याच्यासारखं व्हायचं. याला लेखिका मीलन म्हणते.

"न मारणं हे प्रेम असेल, तर आपल्या गल्लीतले सगळे पुरुष हिरोच झाले की," मी म्हटलं.

रुपाली म्हणाली, "मॅडम, तुम्ही बरोबर असान. पन ह्या पोरी काऊन वाचतात ते नाई पाह्यलं तुम्ही. घरात कोनी विचारत नाई जेवली का, झोपली का. जन्मात कोनी एवढं टक लावून पाह्यलेलं नसते त्यायच्याकडं. हा पाह्यते."

पण त्या "पाह्यते"वर माझा संशय बसला, कारण बोलताना तिने दाराकडे बघितलं होतं.

तिचं लग्न तेव्हा जवळजवळ ठरलं होतं. शेखर नावाचा मुलगा, मलकापूरला कापसाच्या व्यापारात. दिसायला नीटनेटका, बोलायला गोड. पसंती झाली होती, पंधरा दिवसांवर साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, होतं. तिचे वडील भगवंतराव वांगी-मिरचीचे शेतकरी, सरळ माणूस. त्यांनी चौकशी केली होती, पण आपल्याकडे करतात तशीच. मुलाकडच्यांनी चार नावं दिली, त्या चौघांना जाऊन विचारलं, चौघांनी हिऱ्यासारखा मुलगा म्हणून सांगितलं. शेखरचं आधी एक साक्षगंध होऊन मोडलं होतं. "पोरीकडच्यायचं चुकलं," असं चौघंही म्हणाले. त्या पोरीकडे जाऊन विचारायची आपल्यात रीत नाही. मोडलेल्या घरी पुन्हा कोण जातं? सगळ्यात जास्त माहिती जिच्याकडे, तिला सोडून आपण गावभर विचारत फिरतो.

मी रुपालीच्या दुकानात गेले. तिचं मशीन नेहमी दाराशी असायचं, उजेडाला. आता ते मागच्या भिंतीला होतं, आणि भर दुपारी ती बल्ब लावून शिवत होती.

"मशीन का हलवलं?"

"तिकडून धूळ येते."

"रुपाली, मी बत्तीस वर्षं पोरींच्या थापा ऐकल्यात."

तिने पाय थांबवला आणि सांगितलं. शेखर दर दोन दिवसांनी मलकापूरहून गाडीवर येतो, न सांगता. दुकानासमोरच्या टपरीवर तासभर उभा राहतो. आत येत नाही. घरी गेल्यावर मेसेज: आज निळा ड्रेस होता. आज ती जाड बाई कोण होती? आज साडेतीनला दुकान बंद होतं, कुठे होतीस?

"पयल्यांदा भारी वाटलं, मॅडम. म्हटलं, रुद्रांशच भेटला. आता मानेवर मुंगी चालल्यासारखं वाटते. पन सांगू काय कोनाले? त्यानं काही केलंच नाई."

चौथ्या दिवशी आम्ही दोघी जानेफळला गेलो. शेखरचं जिच्याशी मोडलं ती मुलगी तिथली, हे मी मलकापूरच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून काढलं होतं. मोताळा ते जानेफळ म्हणजे एसटीने निम्मा दिवस.

मुलीचं नाव राखी. घरच्या पिठाच्या गिरणीवर बसलेली, भुवयांवर पीठ. आम्ही कशासाठी आलो ते ऐकून तिची आई दारातच आडवी उभी राहिली. "आमची पोरगी वाईट नाई. झालं ते झालं. तुम्ही जा."

"तुमची मुलगी वाईट आहे का हे विचारायला आम्ही आलोच नाही," मी म्हटलं. "तो कसा आहे ते विचारायला आलोय."

राखीने गिरणी बंद केली. "दोन वर्षात हे कोनीच नाई विचारलं," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. तो मेहकरला तिच्या क्लासबाहेर उभा राहायचा. मारलं नाही, शिवी दिली नाही. फोन एकदा उचलला नाही तर पन्नास वेळा करायचा. मैत्रिणीबरोबर बसमध्ये बसली तर बसच्या मागे गाडी. सगळे म्हणायचे, नशीबवान आहेस, जीव टाकतो तुझ्यावर.

"मलेच वाटे, माह्यातच काही कमी आहे," राखी म्हणाली. "मी मोबाइलवर एक कथा वाचत जाव. 'तीनशे वर्षांची तहान'. त्यात तो असाच करते अन् त्या पोरीले गोड वाटते. मले भेव लागे. म्हटलं, मले प्रेमच समजत नाई का काय? त्याच्यातच सहा महिने गेले. मंग मीच मोडलं."

मी रुपालीकडे बघितलं नाही. कथेवर तिचं खरं नाव नव्हतं. तिने गप्प राहायचं ठरवलं असतं तर मीही राहिले असते. पण ती उठली, राखीच्या समोर बसली आणि म्हणाली, "ते मी लिहिलं."

राखीने एकच विचारलं, "तुमाले माहीत होतं का?"

"नाई. आता मालूम पडून राह्यलं."

परत आल्यावर रुपालीने मला घरी जाऊ दिलं नाही. "तुम्ही सोबत चला. बाबा माह्यावर चिडतीन, तुमच्यावर जरा कमी चिडतीन." तिचा हिशेब चुकला. भगवंतराव माझ्यावरच जास्त चिडले.

"मॅडम, तुम्ही शिकल्या-सवरल्या. मोडलेल्या घरी जाता? आठ दिवसांवर साक्षगंध, मंडपवाला सांगितला, सोयऱ्यायले निरोप गेले! पोरगा उभा राह्यते म्हणून लगन मोडाव? उभं राहनं गुन्हा आहे का?"

"बाबा," रुपाली म्हणाली, "तुम्ही फक्त आयका. काही बोलू नका." तिने शेखरला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"शेखर, एक सांगायचं होतं. तुम्ही समोर उभे राह्यता ते मले नाई आवडत. आता येत जाऊ नका."

तिकडून तो हसला. आवाज अगदी मऊ होता. "तू नाही म्हणशील, तरी मी येणारच. तुला समजत नाही, रुपाली, तुझ्यासाठी काय चांगलं ते. मला समजतं. तू माझी आहेस."

रुपालीने फोन कापला. "हे माह्या चौसष्टाव्या भागातलं आहे, बाबा. थोडा शब्द इकडं-तिकडं. अकरा हजार पोरीयनं लाल बदाम पाठवले त्याच्यावर."

भगवंतरावांनी कथा वाचली नव्हती. धुकं नाही, सोनेरी डोळे नाहीत. त्यांनी नुसते शब्द ऐकले होते. ते बाजेवर बसून राहिले. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा लेकीकडे. मला वाटलं, आता सोयऱ्यांचं काढतील, वयाचं काढतील. माझी उत्तरं तयार होती. त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, चष्मा लावला आणि मंडपवाल्याचा नंबर शोधला.

"हॅलो, उकंडराव? तो मंडप राहू द्या. हाव, आठ तारखेचा. नाई, तारीख नाई बदलली. होतच नाई ते."

उकंडरावांचा आवाज आम्हालासुद्धा ऐकू येत होता. काय झालं? त्यायच्याकडून काही निघालं का? देण्याघेण्याचं? पोराले काही व्यसन?

"काही नाई," भगवंतराव म्हणाले. "पोरगी नाई म्हणते."

"एवढंच?"

"हाव," ते म्हणाले. "एवढंच."