तापला की मरणारा डायनॅमो

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक जुना ट्रक होता. लष्करानं मोडीत काढलेला, लढाईच्या काळातला. आमच्या यांनी त्यावर पाण्याची टाकी बसवली होती. सोलापुरात पाणी भरायचं आणि कुंभारीच्या पलीकडच्या वस्त्यांवर नेऊन ओतायचं, हे काम मिळालं होतं. क्लीनर सोडून गेला तेव्हा शेजारी मी बसायला लागले.

माझं काम एकच. समोरच्या फळीवर एक मीटर होतं, त्याच्याकडे बघत राहायचं. काटा उजवीकडे असला तर बॅटरी भरतेय, डावीकडे असला तर उतरतेय. इंजिन पेट्रोलचं. बॅटरी उतरली की ठिणगी बंद आणि गाडी जागच्या जागी उभी.

"काटा कुटं हाय गं?"

"डावीकडंच."

मग ते गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायचे.

आधी बॅटरी बदलली. नवीही उतरली. बॅटरी भरणारा डायनॅमो ज्यानं फिरतो तो पंख्याचा पट्टा ताणून पाहिला, डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या कटआउटचे काळे पडलेले पॉइंट घासले. शेवटी डायनॅमोच उतरवून विजापूर वेशीजवळच्या मिस्त्रींकडे नेला. त्यांनी झिजलेले कार्बन बदलले. काटा उजवीकडे आला, तसे हे स्टिअरिंगवर थाप मारून हसले. गावाबाहेर पडलो, इंजिन तापलं, आणि काटा पुन्हा डावीकडे कलला. मला सांगायचं धाडस होईना. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं.

"हितं तर झकास चालतोय की, वहिनी," डायनॅमो परत नेला तेव्हा मिस्त्री म्हणाले.

"थंड हाय तवर चालतो. तापला की मरतो," मी म्हणाले.

त्यांनी तो फिरवत ठेवून तापवला, तेव्हा कळलं. आतल्या गुंडाळीची तार जळून तुटली होती. थंड असेपर्यंत टोकाला टोक चिकटून राहायचं, तापली की सुटायचं. सगळी गुंडाळी नव्यानं भरली. काही दिवस बरे गेले. मग दांडा ज्यात फिरतो ते बूश झिजल्यामुळे गुंडाळी बाजूला घासली आणि नवी तारही कापली गेली. त्या बूशचं माप कुठेच मिळेना. दुसरा डायनॅमो बसवावा, तर आमची गाडी सहा व्होल्टची आणि बाजारात सगळं बारा व्होल्टचं.

नवी तार कापली गेली त्या दुपारी आम्ही भरल्या टाकीनिशी माळावर अडकलो होतो. वस्ती अजून लांब होती. कुणीतरी जाऊन सांगितलं असावं, कारण बायका घागरी घेऊन उन्हातून चालत येताना दिसल्या. हे खाली मान घालून बॉनेटपाशी उभे होते. आता बोलणी खायची, असं मला वाटलं. पुढची म्हातारी टाकीला हात लावून म्हणाली, "पाणी आलंय न्हवं? मग आमी आलो हितवर, काय बिघडलं?"

शिव्या दिल्या असत्या तर ह्यांना सोसल्या असत्या. ते गाडीच्या पलीकडे गेले आणि चाकाला टेकून रडले. मी नळ सोडला आणि घागरी भरत राहिले.

पाण्याचं काम दुसऱ्याच्या डिझेल ट्रकला गेलं. तरीही हे रोज अंगणात डायनॅमो उघडून बसायचे. जेवायला हाक मारली तर "आलो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. रात्री झोपेतही बोटं हलायची. पावसाळा आला तसा ट्रक भंगारवाल्यानं कापून नेला. त्या दिवशी ते घरी थांबले नाहीत.

पुढे उजनीच्या धरणावर माती ओढायच्या ट्रकवर त्यांना नोकरी मिळाली. एकदा मी भाकरी घेऊन गेले. ट्रक कोरा होता.

"गाडी चांगली दिसतीय," मी म्हणाले.

"व्हय. कवा बिघडतच न्हाय," ते तक्रार केल्यासारखं म्हणाले.

भाकरीचे दोन घास त्यांनी कसेबसे खाल्ले आणि बाकीची फडक्यात गुंडाळून ठेवली. भोंगा वाजला. ते उठून गाडीत चढले आणि धुळीत गेले. मी घरी परत आले.