दर्यावरची तीन माणसं

मी तीन माणसं लिहिली नाहीत. खरं तर कोळीवाड्यातली दर्यावर गेलेली सगळीच माणसं मी वगळली. पण या तिघांची आई समोर बसून नावं सांगत होती, म्हणून ती आधी आठवतात.

जनगणनेचं काम मिळालं तेव्हा मी आमच्या आगरी गावातला नवा मास्तर होतो. वाशीच्या खाडीवर पूल नव्हता, आमच्याकडे रस्ताही नव्हता. पावलाएवढी बांधावरची वाट, नाहीतर भरतीची होडी. मोटाररस्ता होणार, पण एकाच गावापर्यंत. आमच्या, नाहीतर खाजणाच्या चिखलापलीकडच्या कोळीवाड्यापर्यंत. ज्याची वस्ती जास्त त्याला रस्ता, असं बोललं जात होतं. कोळीवाडा मोठा होता. माझा चुलता म्हणाला, घरात दिसतील तेवढेच लिही. खोटं लिही, असं काही तो म्हणाला नाही.

कामाला गेलेला माणूस मोजणी संपायच्या आत परतणार असेल, तर तो घरातच धरायचा, हे आम्हाला बजावून शिकवलं होतं.

"माजे तिगं दर्याव हायेत, मास्तर," त्या तिघांची आई म्हणाली. "चार दिसांत येतील. लिव त्यांना."

मोजणी संपायला अजून आठवडा होता. मी मान हलवली, तिचं एकटीचं नाव लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो.

कागदावर आमचं गाव मोठं झालं. रस्ता आमच्याकडे आला, शाळेसमोर मोटार थांबू लागली. कोळणी ओहोटीत गुडघाभर चिखल तुडवत मासळीच्या पाट्या घेऊन यायच्या. आमची माणसं त्यांना चढू देत नसत. पाटीचं पाणी गळतं म्हणायची, तुमची मोटार दर्यातनं येईल म्हणायची. हसण्यात मीही असे.

एका सकाळी कुणीतरी त्या तिघांच्या आईची पाटी लाथाडली. बोंबील धुळीत पसरले. सोबत आलेल्या तिच्या थोरल्या मुलाने लाथ मारणाऱ्याच्या कानशिलावर ठोसा मारला. मग दगड आले, काठ्या आल्या. मोटारीच्या काचा फुटल्या. एका म्हाताऱ्याचा जबडा फुटून दात बाहेर पडले. बायकांना केसांना धरून ओढलं. मी शाळेच्या ओट्यावर उभा होतो. माझा चुलतभाऊ भाताचा कोयता घेऊन धावला. थोरल्याने डोकं वाचवायला उजवा हात वर केला, आणि कोयता मनगटात रुतला.

आईने लुगड्याचा पदर फाडून हात बांधला. ड्रायव्हर त्याला पनवेलला न्यायला तयार होता. आमच्यातले चौघे मोटारीपुढे आडवे उभे राहिले. ती माझ्याकडे वळली.

"मास्तर, तुमचं आयकतील ती. सांगा ना."

त्यांनी ऐकलं असतं. मी वर्गात गेलो आणि दार लावून घेतलं.

मोटार रिकामी गेली. मारामारीचं कळून धावत आलेले दोघे धाकटे भाऊ थोरल्याला पाठुंगळी घेऊन चिखलातून धक्क्यावर पोचले, तर होडी कोरड्यावर पडलेली. भरतीची वाट पाहत ते दुपारपर्यंत बसून राहिले. मुंबईत डॉक्टरांनी हात मनगटापासून काढला. त्याच संध्याकाळी आमच्यातल्या काहींनी त्यांची वाळत घातलेली जाळी पेटवली. धूर शाळेपर्यंत आला होता.

मी कोयता उचलला नव्हता, यावर मी काही वर्षं काढली.

शेवटी एका ओहोटीला त्याच चिखलातून कोळीवाड्यात गेलो. थोरला ओट्यावर जाळं विणत होता. पायाच्या अंगठ्यात दोर ताणून धरला होता, डाव्या हातात सुई. आई बाजूला मासळी निवडत होती. कुणी बस म्हणालं नाही. मी उभ्याउभ्याच मोजणीचं सगळं सांगितलं.

सुई थांबली. "म्हंजे कागदाव आमी नव्हतोच?" त्याने विचारलं.

"नव्हता. तुमच्या आईने सांगितलं होतं, तरी मी लिहिलं नाही. रस्ता तुमचा होता. आणि त्या दिवशी दारही मीच लावून घेतलं. तुमचा हात माझ्यामुळे गेला." मग मी तिच्या पायांशी वाकलो. "आई, माझं चुकलं. मला माफ करा."