आईने धरलेलं माझं डाएट

दुपारपासून मनातून जात नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

चार महिने माझं डाएट चालू आहे. गोड खाल्लं की मी म्हणते, "आज पाप केलं." टाळलं की, "आज शहाण्यासारखी वागले." साताऱ्याहून इथे म्हैसूरला माझ्याकडे राहायला आलेली आई हे रोज ऐकत होती. "मीही धरते तुझ्याबरोबर," म्हणाली. मला बरंच वाटलं.

आज शेजारच्या सरोजाक्का पुरणपोळ्या घेऊन आल्या. त्यांचं मराठी कुटुंब इथे तीन पिढ्यांचं. आतल्या खोलीत मला ऐकू येत होतं.

"अय्यो, अर्धी तरी खा हो! मुलगी काय पोलीस आहे?"

"नको, माझं व्रत आहे," आई म्हणाली. मला हसू आलं.

थोड्या वेळाने पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. आई दाराकडे पाठ करून, उभ्यानेच पोळी खात होती. मला पाहताच तिने हात पदराखाली नेला.

"चुकलं गं माझं. आज संध्याकाळी जेवत नाही, म्हणजे फिटेल."

बहात्तर वर्षांची माझी आई एका पोळीसाठी माझी माफी मागत होती.

मी तिला टेबलाशी बसवलं, दुसरी पोळी वाढली, वर तूप घातलं. तिने घास मोडला, पण तोंडात घातला नाही. आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

तुमच्या घरात कोण असं तुमचा चेहरा बघून जेवतं?