पाचानंतर थेट दोन

शाळेत मला एक प्रश्न हमखास यायचा : पुढील संख्या चढत्या क्रमाने लावा. दोन गुण, डोळे झाकून. त्याच हुशारीच्या जोरावर मी एका बाईंच्या चार वर्षांच्या मेहनतीचा खिमा केला, आणि वर स्वतःवर खूश होऊन चहा प्यायलो.

मी एका प्रकाशकाकडे अक्षरजुळणी करतो. लोक हातानं लिहून आणतात, ते मी कॉम्प्युटरवर टाइप करतो आणि पुस्तकासारखं दिसेल असं मांडून देतो. ऑफिस म्हणजे बोळातल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालक, मागच्या खोलीत मी, कागदांचे गठ्ठे आणि एक पंखा. तो तीनवर ठेवला की कागद उडतात, दोनवर ठेवला की मी वितळतो.

एका सकाळी मालकांनी माझ्यापुढं कापडी पिशवी ठेवली. ‘‘कादंबरी आहे. बावन्न प्रकरणं. कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्ट चालवणाऱ्या एका बाईंनी लिहिलीय. मला प्रूफ काढून दे, मग वाचतो.’’

पिशवीत टाचणी लावलेल्या कागदांचे बावन्न जुडगे होते. पानांना क्रमांक नव्हते. प्रत्येक जुडग्याच्या डोक्यावर मात्र ठसठशीत आकडा. पहिल्यावर शून्य, त्याखाली पाच, मग दोन, परत पाच, मग एकदम आठ. बाईंचं गणित कच्चं दिसतंय, असं मनात म्हणत मी मदतीला धावलो. सगळी शून्यं एकीकडे, सगळे एक एकीकडे, असं करत आठापर्यंत चढत्या क्रमानं लावून टाकलं. पाच आकड्याचेच अकरा जुडगे निघाले. कॉम्प्युटर एका नावाच्या दोन फाइली ठेवू देईना, म्हणून त्यांची नावं ५-अ, ५-आ अशी ठेवली. शेवटी ते जुने आकडे पुसून एक ते बावन्न असे नवे, शहाण्यासारखे आकडे घातले.

आकड्याखाली जवळजवळ प्रत्येक प्रकरणाला एकेक वाक्य होतं. ‘छत्री माझी नाही.’ ‘आज सही होणारच.’ ‘दार जरा धरा हो.’ बाईंनी स्वतःच्या आठवणीसाठी टिपून ठेवलं असणार, असं धरून मी तीही काढली आणि पदरची शीर्षकं घातली. ‘अनपेक्षित वळण.’ ‘नियतीचा घाव.’ ‘वादळापूर्वीची शांतता.’ ‘नियतीचा घाव’ दोनदा आला होता, म्हणून दुसऱ्याचं ‘नियतीचा दुसरा घाव’ केलं.

मालकांनी प्रूफ वाचलं आणि तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, ते माझ्या टेबलावर आपटलं. वर लाल शाईत शेरा होता : नायक दहाव्या प्रकरणात मरतो आणि एकतिसाव्यात नवीन चष्मा करून घेतो. नाकारावी.

आमचे मालक वर्षाला एकाच नवख्या लेखकाचं पुस्तक काढतात. दुसरी कादंबरी तयारच होती, एका निवृत्त अधिकाऱ्यांची. प्रकरणं एक ते वीस, पट्टीनं आखल्यासारखी. ‘‘सोमवारी मशीन रिकामं होतंय,’’ मालक म्हणाले. ‘‘तेव्हा ती अधिकाऱ्यांची लाव. बाईंची पिशवी परत देऊन ये. आणि हे बघ, गोड बोल.’’

पिशवीत कागद कोंबताना मी सहज शेवटच्या जुडग्याचं शेवटचं वाक्य वाचलं. कुणी एक माणूस लिफ्टमध्ये शिरत म्हणतो, ‘चार द्या.’ दुसऱ्या जुडग्याच्या शेवटी एक बाई म्हणते, ‘तळाला सोडा.’ तिसऱ्याच्या शेवटी, ‘सात.’ ते प्रकरणांचे क्रमांक नव्हतेच. ते मजले होते.

इमारत आठ मजली. तळमजल्यावर रांगा, वर कचेऱ्या. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. आत उंच स्टुलावर पन्नाशी ओलांडलेल्या बाई. अंगात निळा कोट, दोरीला अडकवलेला चष्मा आणि केसांत खोचलेली पेन्सिल. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणते.

‘‘कितवा?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तुम्हालाच भेटायचंय.’’

‘‘मग कुठलातरी मजला सांग. उभ्या लिफ्टमध्ये भेटायची सोय नाही.’’

मी आठ म्हटलं. तिसऱ्यापर्यंत गोड बोललो. चौथ्याला कबूल केलं. पाचव्याला दोन माणसं चढली म्हणून गप्प बसलो. सहाव्याला ती उतरली आणि उरलेलं सांगून टाकलं.

मावशींनी आठव्याला दार उघडलं, कोणी नव्हतं, दार लावलं.

‘‘सगळे पाच एका जागी?’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे तो बिचारा पाचव्यावर लागोपाठ अकरा वेळा उतरला, आणि मधे एकदाही चढला नाही?’’

‘‘...हो.’’

‘‘आणि ‘नियतीचा दुसरा घाव’ म्हणजे काय? पहिला कमी पडला होता?’’

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून कोटाला पुसत राहिल्या. ‘‘चार वर्षं झाली रे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जेवणाच्या सुट्टीत लिहिलंय सगळं, याच स्टुलावर. संध्याकाळी घरी ये. येताना ती पिशवी आण, आणि डोकं असेल तर तेही.’’

घर म्हणजे दोन खोल्या. नवरा बाहेरगावी कामाला, मुलगी सासरी. घरात मावशी आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत. पलंगावर बसून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुनेला विचारलं, ‘‘हाच का तो चढता क्रम?’’

कादंबरी मुळात या सासूबाईंमुळंच झाली. पाच वर्षांपासून त्यांना घराबाहेर पडता येत नाही. संध्याकाळी सून कामावरून आली की त्या विचारणार, आज कोण आलं होतं? मावशींना माणसं दिसायची ती दोन मजल्यांच्या मधली, अर्धा-पाऊण मिनिट. त्यातलं जे ऐकलं ते सांगायच्या, न ऐकलेलं मनानं जोडायच्या. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी सासूबाईंचा एकच सवाल : मग तो उतरला कुठं? म्हणून मावशींचं प्रत्येक प्रकरण कुणीतरी मजला सांगून संपतं, आणि पुढचं प्रकरण त्याच मजल्यावर उघडतं. वरचं वाक्य म्हणजे चढताना त्या माणसाच्या तोंडातून निघालेला पहिला शब्द. ते शीर्षक.

आम्ही बावन्न जुडगे पसरले. फरशीवर, पलंगावर, ओट्यावर, दोन तर सासूबाईंच्या मांडीवर. एकाच्या शेवटी ‘पाच’ आलं की अकरा पाचांतला नेमका कुठला, हे मावशींना विचारायचं. त्या जुडग्याचं शेवटचं वाक्य नुसतं पाहायच्या आणि बोट दाखवायच्या. अडलं की पलंगावरून आवाज यायचा.

‘‘अगं, त्याच्या हातात तेव्हा नकाशा होता. नकाशा तर तो दोनला विसरला.’’

‘‘आई, नकाशा दोनला विसरला ते नंतर.’’

‘‘नंतर कसं? मी झोपले होते का ऐकताना?’’

सासूबाईंचं बरोबर निघालं. सव्वा तासात कादंबरी पुन्हा जागेवर आली. या वेळी मी प्रत्येक पानाला पेन्सिलीनं क्रमांक घातले.

बुधवारी मालकांपुढं नवं प्रूफ ठेवलं आणि चूक कबूल केली. ते मला जे बोलले ते इथं छापण्यासारखं नाही, आणि काय छापण्यासारखं आहे हे ठरवणं त्यांचंच काम आहे. पण त्यांनी वाचलं. गुरुवारी दुपारी मावशींना बोलावून घेतलं.

‘‘बाई, पुस्तक चांगलं आहे. काढू या. फक्त प्रकरणं एक ते बावन्न करा, आणि शीर्षकं जरा शीर्षकांसारखी द्या.’’

‘‘नाही जमणार, साहेब.’’

‘‘अहो, अनुक्रमणिका बघा! शून्य, पाच, दोन, पाच, आठ. वाचकाला वाटेल पानं गळलीत. दुकानदार परत पाठवेल.’’

‘‘एक माणूस लिफ्टमध्ये शिरतो, म्हणतो चार द्या. तुम्ही पान उलटता आणि वर लिहिलंय प्रकरण सतरा. मग माझी लिफ्ट गेली कुठं?’’

‘‘वाचक मोजतो, बाई. कितवं वाचतोय, किती उरलंय.’’

‘‘त्याला खाली पानांचे आकडे आहेत की. मोजू दे.’’

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. हे त्यांचं शेवटचं हत्यार. ‘‘उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. एक ते बावन्न असेल तर तुमची, नाहीतर अधिकाऱ्यांची. माझा नाइलाज आहे.’’

दारातल्या उजेडात मावशींचा चेहरा उतरलेला मला दिसला. पुस्तक हातात होतं. मान डोलवायचाच काय तो अवकाश. त्या उंबऱ्याशी थांबल्या.

‘‘साहेब, उद्या अर्धा तास माझ्या लिफ्टमध्ये येऊन बसा. मग तुम्ही म्हणाल तसं. एक ते बावन्न म्हणालात, तर मी स्वतः आकडे घालून देईन.’’

मी मागच्या खोलीतून खूण केली, असलं काही कबूल करू नका. त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं.

शुक्रवारी अकराला मालक गेले. मी ऑफिसात. साडेअकरा झाले, बारा झाले, एक वाजला. दोनला मालक आले ते घामानं डबडबलेले, आणि माझ्या खोलीत थेट माझ्या खुर्चीवर बसले.

‘‘काय झालं?’’

‘‘अरे, एक पोरगा चढला. नवा कोट, नवे बूट, चढला तोच म्हणाला, ‘माझा भांग नीट आहे का?’ मुलाखतीला आला होता. सहाला उतरला. सहाला बूट पायात होते, मी स्वतः पाहिलेत. पुढं आम्ही वर जाऊन येतो तो हा दोनला उभा. बूट हातात!’’

‘‘हातात?’’

‘‘हातात! मोजे पायात, बूट हातात. म्हणतो, ‘सात द्या.’ सातला उतरला. मुलाखत तर सहाला! मी म्हटलं, आता खाली येईल तेव्हा विचारू. मी तिथून हललो नाही. तीनला एक बाई आली, ती म्हणाली, ‘तो रडत नव्हता ना?’ तोच का दुसरा कोणी, कळायला मार्ग नाही. मी दीड तास वर-खाली केलंय.’’

‘‘मग? भेटला?’’

‘‘जिन्यानं गेला!’’ मालकांनी टेबलावर हात आपटला. ‘‘शिपाई म्हणाला, जिन्यानं केव्हाच खाली गेला. अशी पद्धत असते? सातला काय झालं ते कळायला नको?’’

मी शक्य तितका गरीब चेहरा केला. ‘‘मालक, बूट हातात होते ते कितवं प्रकरण?’’

‘‘प्रकरण कसलं? दोनला, सांगितलं ना! सहाला पायात, दोनला...’’

ते थांबले. पंखा दोनवर फिरत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग टेबलावरच्या प्रूफाकडे. लाल पेन काढलं, अनुक्रमणिकेवर स्वतः मारलेली फुली खोडली, आणि पेनाचं टोपण लावत म्हणाले, ‘‘आकडे मोठे घे. पानाच्या डोक्यावर, मधोमध. लिफ्टवाल्यांना दिसतात तसे. आणि खाली ते पोराचं... म्हणजे, त्या त्या माणसाचं वाक्य.’’

मी बाहेर धावलो, बोळाच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून इमारतीच्या शिपायाला फोन केला. त्यानं जिन्यातून वर तोंड करून ओरडून सांगितलं. पलीकडून मला आधी लिफ्टचं दार आदळल्याचा आवाज आला आणि मग मावशींचा, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा : ‘‘आईंना सांगायला हवं! आज मी जिन्यानं जाते!’’

सोमवारी मशीनवर मावशींची कादंबरी चढली. अधिकाऱ्यांची पुढच्या वर्षावर गेली.

प्रकाशन इमारतीच्या तळमजल्यावरच झालं. रांगेतली माणसं रांग न मोडता टाळ्या वाजवत होती. सासूबाईंना खुर्चीत बसवून आणलं होतं. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्या घराबाहेर पडल्या होत्या. भाषणं संपायच्या आत त्यांनी लिफ्टकडे काठी रोखली. मावशींनी त्यांना खुर्चीसकट आत घेतलं आणि रीतीप्रमाणं विचारलं, ‘‘कितवा?’’

‘‘सगळे,’’ सासूबाई म्हणाल्या.

हजार प्रती अकरा आठवड्यांत संपल्या. एकाही दुकानदारानं पानं गळल्याची तक्रार केली नाही. पत्रं येतात ती अशी : ‘तिसऱ्या सहाला मी रडलो.’ ‘शेवटच्या शून्यापाशी दिवा घालवून बसून राहिले.’ इमारतीतले कारकून मावशींना विचारतात, आम्ही कितव्या मजल्यावर आहोत हो? मावशी म्हणतात, विकत घ्या आणि शोधा. मालक तर आता आलेल्या प्रत्येक लेखकाला सांगतात की प्रकरणांना एक-दोन-तीन घालणं हा आळस आहे. ही कल्पना कुणाची, असं कोणी विचारलं तर ते खिडकीबाहेर पाहतात.

एकच गोष्ट राहिलीय. अनुक्रमणिका जुळवताना एक प्रकरण बिनशीर्षकाचं निघालं. चौथं सात. त्यात एक म्हातारा चढतो, एक अक्षर बोलत नाही, बोटानं मजला दाखवतो आणि उतरतो. बोललाच नाही तर आकड्याखाली लिहायचं काय? मी विचारल्यावर मावशी म्हणाल्या, ‘‘हे तू द्यायचंस. माझी अकरा माणसं पाचव्यावर कोंडलीस ना, त्याची भरपाई.’’

मी सदतीस शीर्षकं दिली. ‘मौन’ दिलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे दोन मजले नुसतं पाहिलं. ‘न बोललेलं’ दिलं तेव्हा म्हणाल्या, ‘‘तू बोललास की.’’ पहिली आवृत्ती त्या आकड्याखाली कोरी जागा सोडून निघाली. परवा दुसरी मशीनवर चढली, तीही तशीच.

काल त्यांना आठव्या मजल्यापर्यंत अडतिसावं सांगत होतो. आठव्याला त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, ‘‘उतर, आणि जिन्यानं खाली ये. तेवढ्यात एकोणचाळिसावं सुचतंय का बघ.’’