प्लासिड सरांचे पंधरा हंस

पापडीचे प्लासिड सर विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण वर्गावर नजर ठेवायची सवय सुटेना. मुलं उरली नाहीत, म्हणून ते बंद पडलेल्या मिठागरावर उतरणाऱ्या रानहंसांवर नजर ठेवू लागले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पाहुणे रात्रभर शेतांत चरतात आणि सकाळी पाण्यात उभे राहून, चोच पिसांत खुपसून झोपतात. एकजण मात्र मान ताठ करून जागा असतो. सर त्याला मॉनिटर म्हणत.

डिसेंबरच्या सुरुवातीला हंस भरले एक्केचाळीस. मग अडतीस. मग तेहतीस. नाताळच्या आदल्या दिवशी सव्वीस!

पहिले तीन घटले तेव्हाच सरांनी चोर ओळखला होता. शेजारचा सॅन्टन. त्याच्या भाजीच्या वाफ्यांवर जाळं होतं, कोपऱ्यात बदकांचं खुराडं होतं आणि सरांना पाहिलं की तो हसायचा. निरपराध माणूस इतका हसत नाही, असं सरांचं मत. नीट मोजायला आधीच जवळ नेलेली बांधावरची खुर्ची ते त्याला रंगेहाथ पकडायला रोज आणखी दहा पावलं हंसांकडे सरकवत.

नाताळच्या दुपारी सॅन्टनकडून रश्श्याचं भांडं आलं. सरांनी हाड चमच्यावर घेऊन खिडकीशी धरलं.

"कार्मिन, हे बदक नाही."

"चव तर बदकाचीच आहे," त्यांची बायको दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाली. "आणि सणाला शेजाऱ्याच्या रश्श्यात पुरावे काय शोधता?"

सर हाड रुमालात गुंडाळून थेट सॅन्टनच्या दारात.

"माझे पंधरा हंस कुठे आहेत?"

सॅन्टनने हाड पाहिलं, सरांना पाहिलं. "चला, दाखवतो. चप्पल काढा, आवाज होतो."

वाडीमागच्या तळ्यात पंधरा हंस एका पायावर झोपले होते. सरांनी दोनदा मोजले.

"तुमची खुर्ची जवळ आली की थोडे उठतात नि इकडं येतात," सॅन्टन कुजबुजला. "पानी कमी हाय, पन कोन त्रास देत नाय. मी पंप पन बंद ठेवलाय. तुमी मास्तर, तुमाला कसं सांगू?"

सरांचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा झाला. नीट पाहावं म्हणून ते एक पाऊल पुढे सरले, तशा पंधरा माना एकदम वर आल्या.

"मागं व्हा, सर."

आयुष्यात शाळा तपासनीसापुढेही न हटलेले सर अनवाणी, उलट्या पावली मागे गेले. सुपारीच्या झाडाला पाठ टेकली, तेव्हा कुठे एकेक चोच पुन्हा पिसांत शिरली.

"उद्या खुर्ची कुठं मांडनार?" सॅन्टनने विचारलं.

"रस्त्यावर. दुर्बीण आहे माझ्याकडे," सर म्हणाले. मग त्याच्याकडे तिरकं पाहून पुढे म्हणाले, "आणि तूही यांच्यापासून लांबच राहा. मी बघतोय."

सॅन्टन पुन्हा हसला.