सगळ्या घरांचं पीठ

युसूफ वडगावच्या छोट्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर साखराबाईच भाजणार, यात तीस वर्षांत कुणी तोंड घातलं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी अंबाजोगाईहून पाळकसाहेब यायचे. आदल्या दिवशी साखराबाई पितळी डबा घेऊन विश्वासणाऱ्यांच्या अकरा घरी फिरायची आणि मूठमूठ पीठ गोळा करायची. कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी. सगळं एकत्र मळून तव्याएवढी एक जाड भाकर व्हायची. प्रभू येशूच्या आठवणीत ती मोडून सगळ्यांना तुकडा तुकडा वाटण्याआधी पाळक विचारायचे, "साखराबाई, सगळ्या घरांचं आलं का?" ती म्हणायची, "आलं." हा प्रश्न कुणी सुरू केला ते कुणालाच ठाऊक नाही, पण तो विचारल्याशिवाय भाकर कधी मोडली नाही.

बाई तशी फटकळ. उशिरा येणाऱ्याला ती दारातच झाडायची, आणि पाळकांचा उपदेश लांबला की खुशाल जांभई द्यायची.

आठ महिन्यांपूर्वी मंडळीत फूट पडली. कारण ऐकून हसू येईल. गाणी पुस्तकातून बसून म्हणायची, की उभं राहून टाळ्या वाजवत? साखराबाईच्या धाकट्या जावेचा मुलगा गहिनीनाथ टाळ्यांच्या बाजूचा. तो पाच घरं घेऊन बाहेर पडला आणि आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये वेगळी उपासना घेऊ लागला. साखराबाईनं जावेला, भिवराबाईला, भर रस्त्यात सुनावलं, "पोराला आवर." भिवराबाई लेकाची बाजू घेऊन बोलली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. साखराबाई उरलेल्या सहा घरांचं पीठ आणायची आणि "आलं" म्हणून मोकळी व्हायची.

या महिन्यात पाळकांनी दोन्हीकडची समजूत काढली. गहिनीनाथ साखराबाईकडं आला. "थोरले माय, ह्या रविवारी आमी चर्चात येतो. एका भाकरीवर जमलं तर शेड बंद. न्हाई तर आमचं प्रभुभोजन कायमचं येगळं." साखराबाईला दुसरं काही नकोच होतं. आपले डोळे मिटायच्या आत मंडळी एक व्हावी, एवढंच तिचं मागणं होतं.

शनिवारी ती शेडवाल्यांच्याही दारी गेली. कुणी पिठाला नाही म्हटलं नाही. शेवटी भिवराबाईचं घर आलं. लेकापासून वेगळी, ती तिथं एकटी राहायची. दार उघडं होतं. साखराबाईनं डबा पदराखाली घेतला आणि पुढं निघाली. एका मुठीवाचून काय अडतंय, असं तिनं मनाशी म्हटलं.

रविवारी चर्च भरलं. पाळकांनी भाकर हातात घेतली. "साखराबाई, सगळ्या घरांचं आलं का?"

उत्तर जिभेवर होतं. पण बायकांच्या शेवटच्या रांगेत भिवराबाई मान खाली घालून बसलेली तिला दिसली. मंडळी एक व्हावी म्हणून गावभर पीठ मागत फिरलो आणि आपणच एक दार टाळलं, याची तिला भारी लाज वाटली.

"न्हाई," ती म्हणाली. "दहाच घरांचं हाय. एक घर मीच सोडलं."

गहिनीनाथ उठून उभा राहिला. पाळकांनी भाकर फडक्यात बांधून बाजूला ठेवली. साखराबाई सरळ जावेपुढं गेली.

"भिवरे, ऊठ. पीठ दे."

"आठ म्हयने कावून आली न्हाईस?"

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"मी दर म्हयन्याला मूठ काढून वाटीत ठिवत व्हते, आक्का. तू यायची न्हाईस. मग दुसऱ्या दिशी त्याचीच भाकर करून एकलीच खायची."

साखराबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं ती लपवलीही नाही.

दोघी भिवराबाईच्या घरी गेल्या. कालची वाटी चुलीशेजारीच होती. भाकर थापताना खाली लावायला ठेवलेलं दहा घरांचं पीठ साखराबाईच्या डब्यात उरलेलं होतं; त्यात ती मूठ पडली आणि भिवराबाईच्याच चुलीवर लहानशी भाकर झाली. घाईत एका बाजूनं करपली, तीस वर्षांत पहिल्यांदाच. इकडे मंडळी तासभर थांबली. तेवढ्यात गाणी झाली. अर्ध्यांनी उभं राहून म्हटली, अर्ध्यांनी बसून.

पाळकांनी पुन्हा विचारलं. साखराबाईनं मागं वळून जावेकडं पाहिलं.

"आलं," मागून भिवराबाई म्हणाली.

नखाएवढा तुकडा प्रत्येकाला मिळाला. गहिनीनाथनं करपलेला मागून घेतला. त्याच्या शेडमध्ये आता सोयाबीनची पोती असतात.