सुलभाकाकींची आयतवारची गोळी

एक्स-रे लाइटबॉक्सवर तिसऱ्यांदा लावला. खुब्यात फ्रॅक्चर दिसत नव्हतं. पण समोर बसलेल्या सुलभाकाकींना डावा पाय टेकवत नव्हता, आणि त्या कुठे पडल्याही नव्हत्या. न पडता खुबा दुखला की मला धडकी भरते. बारीक चीर एक्स-रेत लपते. त्यावर भार पडला तर हाडाचे दोन तुकडे.

"एमआरआय करू या. तोवर चालायचं नाही," मी म्हटलं.

"मॅडम, माका झोपवन ठेवू नकात. सासूबाय खाटेर आसा. तिका दिवसातून चारदा उचलूचा लागता. दुसरा कोण आसा?"

खरंच कोणी नव्हतं. नवरा जहाजावर, मुलगी मुंबईत.

वर्षापूर्वी अंगणात घसरून काकींचं मनगट मोडलं होतं. तेव्हा डेक्सा केली, म्हणजे हाडांची घनता मोजणारी टेस्ट. हाडं ठिसूळ निघाली. मी कॅल्शियम दिलं, शिवाय हाडांची झीज रोखणारी आठवड्याची एक गोळी, दर रविवारी. आज पुन्हा डेक्सा केली, तर आकडे आणखी खाली. चुकतंय कोण, औषध की मी?

"गोळी चुकली का कधी?"

"एकव आयतवार चुकवक नाय."

"रिकाम्या पोटी?"

"तर काय! सकाळी कोरी चाय करतंय, तिच्यावांगडा गोळी गिळतंय. मगे जेवणापर्यंत कायच नाय."

"अहो, पण चहा घेता ना?"

"चाय म्हणजे काय खाणा झाला?"

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत बायका कोऱ्या चहावर काढतात आणि उपास मोडत नाही. मी इथलीच, मला हे सुचायला हवं होतं. ती गोळी फक्त साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-कॉफीसोबत ती अंगी लागतच नाही म्हणा ना. त्यात काकींचे दिवसाला सात-आठ कप. कॅफिनमुळे लघवीवाटे थोडं कॅल्शियम जातं. दूध-ताक पोटात असेल तर ते भरून निघतं. काकींच्या पोटात दूध नव्हतंच.

एमआरआयत चीर निघाली. हाड सरकलं नव्हतं म्हणून तीन स्क्रूंवर निभावलं. मुलगी रजा काढून आली. पण सासूला उचलणं आता विसरा, असं सांगितल्यावर काकी रडल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेव्हापासून मी चिठ्ठीवर नुसतं 'रिकाम्या पोटी' लिहीत नाही. 'चहाच्या अर्धा तास आधी' लिहिते आणि पेशंटकडून वदवून घेते. डॉक्टरने काय सांगितलं यापेक्षा घरी काय ऐकलं गेलं ते महत्त्वाचं.

काकींच्या ऑपरेशनच्या दिवशीच, ते उरकून, मी देवगडला आईला फोन लावला होता. हीच गोळी तिला मीच दोन वर्षांपूर्वी लिहून दिली होती.

"रिकाम्या पोटीच घेतंय गो," आई म्हणाली. "चायेवांगडा. घरात डॉक्टर आसा, माझी चूक कशी होतली?"